दुखतं कुठे आणि कळतं कुठे

गैरसमज: जखम जेवढी मोठी, तेवढं दुखणं जास्त.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, दुखण्यावर औषध हवं का? शुद्धीवर असलेल्या बहुतेकांनी नको म्हटलं. इकडे कागदाच्या कडेने बोट चिरलं तरी आपण कळवळतो. कातडी, स्नायू, सांधे यांतली मज्जातंतूंची टोकं फक्त धोक्याची वर्दी देतात: फार गरम, फार दाब, सूज. ही वर्दी मज्जारज्जूतून मेंदूत पोचते आणि वेदना तयार होते ती तिथे. भीती, झोप, लक्ष, जुना अनुभव, सगळ्याचा तिच्यावर परिणाम होतो. म्हणून ती खोटी ठरत नाही, हे घरातल्या ‘काही झालेलं नाही तुला’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

उंबरठ्याला अंगठा ठेचला की आधी चटकन कळ येते, मग ठणका लागतो. कळ पोचवणारे तंतू सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने वर्दी नेतात, ठणक्याचे जेमतेम एक-दोन मीटरने.

गैरसमज: चोळल्याने बरं वाटतं ही नुसती मनाची समजूत.

नाही. स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट काही अंशी अडवतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये हा सिद्धांत मांडला. तपशील पुढे बदलले, गाभा टिकला.

गैरसमज: इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही.

मुळात गोळी दुखऱ्या जागी नेमकी जात नाही, रक्तातून सगळीकडे फिरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. अ‍ॅस्पिरिनचं हे गुपित जॉन वेन यांनी 1971 मध्ये उलगडलं आणि 1982 च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. पण तीच रसायनं जठराचं अस्तर सांभाळतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. त्यामुळे औषध कमरेत टोचून घेतलं तरी अल्सरचा धोका राहतोच. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ‘अंगदुखीच्या गोळी’वर महिनोन्‌महिने काढणाऱ्यांनी निदान मूत्रपिंडाची तपासणी तरी करून घ्यावी.

पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, पण निर्धोक नव्हे. धडधाकट प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असतं, तेही मोजायचं. डेंग्यूची शंका असेल तर मात्र तापाला पॅरासिटामॉलच. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो.

गैरसमज: डॉक्टरांनी दुखण्यावर नैराश्याची गोळी दिली, म्हणजे मला वेडं ठरवलं.

नागिणीनंतरची ठसठस, मधुमेहात तळपायांची आग, हे बिघडलेल्या मज्जातंतूंचं दुखणं. नेहमीच्या वेदनाशामकांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे जुनं नैराश्यावरचं औषध कमी मात्रेत तिथे कामी येतं. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि नेमकी तेवढ्यात ती गोळी बंद केली जाते.

गैरसमज: दुखतं तिथेच बिघाड असतो.

हृदयाचे आणि हाताचे वेदनातंतू मज्जारज्जूत एकाच पातळीवर येऊन मिळतात, म्हणून मेंदूची गल्लत होते. हृदयविकाराचा झटका डाव्या हातात, जबड्यात, पाठीत, कधी पोटाच्या वरच्या भागातही जाणवतो. मधुमेहींना तर कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता घाम आणि धाप. अशा वेळी ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नये. 108 ला फोन करावा.