खाते एक, चिठ्ठ्या दोन

मराठी माध्यमातून वाणिज्य शाखेत आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांची एक ठाम समजूत असते. संगणकाचा विषय जड जातो तो इंग्रजीमुळे! माझीही तशीच होती. परंतु गेल्या सत्रात एका प्रश्नाचे जे चुकीचे उत्तर मी लिहिले, तेच कन्नड माध्यमातल्या मैत्रिणीने आणि पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मित्रानेही लिहिले. तेव्हा मी विचारात पडलो.

प्रश्न पायथनमधला होता. 'अ' या नावाने एक बचत खाते तयार केले, शिल्लक 500 रुपये. पुढच्या ओळीत लिहिले, ब = अ. मग 'ब'मध्ये 200 रुपये भरले. आता 'अ'ची शिल्लक किती? आम्ही तिघांनीही लिहिले, 500. यंत्राने दाखवले, 700.

आमची चूक आळसाची नव्हती. व्हेरिएबल म्हणजे डबा आणि त्यात किंमत ठेवायची, असे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकलो होतो. नुसते आकडे असत तोवर हे चित्र बिनबोभाट चालले. अ = 500, ब = अ, मग ब = 700; 'अ' 500च राही. मग शंका येणार कशी? नवशिका चार उदाहरणे पाहून मनाशी एक चित्र बांधतो आणि पाचव्या वेळी त्याच्याच आधाराने उत्तर काढतो.

खरे चित्र वाणिज्यवाल्यांना परके नाही. खाते बँकेत असते. आपल्या खिशात असते ती खाते क्रमांकाची चिठ्ठी. ब = अ म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्या चिठ्ठीवर उतरवणे. चिठ्ठ्या दोन झाल्या, खाते एकच राहिले! आणि ब = 700 म्हणजे त्या चिठ्ठीवरचा मजकूर खोडून दुसरा लिहिणे; पहिल्या चिठ्ठीला धक्का लागत नाही.

दुसरा घोटाळा क्लास आणि ऑब्जेक्ट यांचा. 'बचत खाते' हा क्लास. खात्यात काय नोंदवायचे, पैसे कसे भरायचे व काढायचे, हे ठरवणारा तो नमुना होय. प्रत्येक खातेदाराचे स्वतंत्र खाते हा ऑब्जेक्ट. दोघांची शिल्लक 500 असली म्हणून खाती एक होत नाहीत. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतील सायमन हॉलंड, रॉबर्ट ग्रिफिथ्स व मार्क वुडमन यांनी 1997 सालच्या निबंधात इशारा दिला आहे, की क्लासचा एकच ऑब्जेक्ट दाखवत गेले तर विद्यार्थी दोन्ही एकच समजू लागतात. म्हणून सुरुवातीपासून एकाहून अधिक ऑब्जेक्ट दाखवावेत.

क्लास व ऑब्जेक्ट यांचा उगम नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांच्या सिम्युला 67 या भाषेत आहे. व्यवहारातल्या घडामोडींची नक्कल यंत्रावर करता यावी, यासाठी सिम्युला निघाली. तेव्हा ती कल्पना खात्यांच्या भाषेत समजून घेण्यात कमीपणा कसला?

मित्रहो, प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी कागदावर चिठ्ठ्या आणि खाती काढा, बाण जोडा, उत्तर आधी लिहा. यंत्राचे उत्तर वेगळे आले तर आपला बाण कुठे चुकला ते शोधा. आणि गुरुजनांना एक नम्र विनंती. चुकीच्या उत्तरावर फुली मारण्यापूर्वी विद्यार्थ्याला एवढेच विचारावे, "तुझ्या मनातले चित्र काढून दाखव पाहू!" चूक त्यात लगेच सापडेल, आणि कित्येकांच्या मनातली इंग्रजीची धास्तीही कमी होईल.