जळक्या दाण्याचें वय

पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या परड्यांत विहिरीचें काम चालूं असतां सुमारें सहा हातांवर काळ्या राखेचा एक थर लागला. त्यांत कोळशाचे तुकडे, जाड खापऱ्या व कांहीं जळके दाणे होते. राख माडास चांगली म्हणून आम्हीं ती गड्यांकडून माडांच्या आळ्यांत टाकविली आणि खापऱ्या गडग्याच्या भरावांत गेल्या. ती राख शंभर वर्षांची होती कीं तीन हजार वर्षांची, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. तें सांगण्याचा मार्ग त्या वेळीं उपलब्ध होता. तो आम्हांस ठाऊक नव्हता, इतकेंच. अशी चूक आमच्या शेतकरी बंधूंच्या हातून होऊं नये म्हणून ह्या मार्गाची माहिती येथें देत आहों.

कर्ब हा शब्द आतां शेतकऱ्यांस नवा नाहीं. माती तपासणीच्या पत्रिकेवर ‘सेंद्रिय कर्ब’ असें सदर असतेंच. ह्या कर्बाची एक विरळ जात आहे, तिला कर्ब १४ म्हणतात. आकाशांतून पृथ्वीवर सूक्ष्म किरणांचा अखंड वर्षाव होत असतो. त्यामुळें उंच हवेंतील नत्राच्या कांहीं अणूंचें रूपांतर कर्ब १४ मध्यें होतें व तो कर्बवायूच्या रूपानें सर्व हवेंत मिसळतो. त्याचें प्रमाण अत्यल्प, म्हणजे साध्या कर्बाच्या सुमारें एक लाख कोटी अणूंमागें एक अणु, इतकें असतें. झाडें पानांवाटे हा वायु घेतात, गुरें झाडपाला खातात आणि माणसें धान्य खातात. म्हणून सर्व सजीवांच्या अंगीं कर्ब १४ बहुतेक हवेंतील प्रमाणांतच असतो.

साधा कर्ब टिकाऊ आहे, कर्ब १४ नाशवंत आहे. जीव जिवंत असेतोंवर झीज भरून निघते. भाताची लोंबी कापली कीं तिची हवेंतील आवक बंद पडते, खर्च मात्र चालूंच राहतो. हा खर्चही ठरलेल्या दरानें होतो. दर ५७३० वर्षांनीं असलेल्या सांठ्याचा निम्मा उरतो. समजा, कापणीच्या दिवशीं दाण्यांत सोळा पायल्या होत्या. तर ५७३० वर्षांनीं आठ उरतील, ११४६० वर्षांनीं चार व १७१९० वर्षांनीं दोन. अकरा पायल्या शिल्लक सांपडल्या, तर दाणा सुमारें एकतीसशें वर्षांपूर्वींचा असें समजावें. पन्नास हजार वर्षांपलीकडे शिल्लक इतकी थोडी राहते कीं, हा हिशेब निरुपयोगी होतो.

ही रीत अमेरिकेंत शिकागो येथें विलर्ड लिबी व त्यांचे सहकारी ह्यांनीं शोधून काढिली व १९४९ सालीं प्रसिद्ध केली. ज्यांचा काळ आधींच ठाऊक होता अशा इजिप्तमधील जुन्या लांकडांवर त्यांनीं ती ताडून पाहिली. लिबी ह्यांस १९६० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे प्रथम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत व पुढें अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेंत हें काम चाललें. पूर्वीं तपासणीस मूठभर कोळसा लागे. आतां अणूच मोजण्याचीं यंत्रें निघालीं असून एक दाणाही पुरतो. असें यंत्र दिल्लींतही आहे.

ह्या हिशेबानें शेतकऱ्याच्या इतिहासांत किती भर पडते, ह्याचें उत्तम उदाहरण पुणें जिल्ह्यांतील इनामगांव होय. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं हें गांव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत येथें उत्खनन केलें. डॉ. हसमुख सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. अन्सारी हीं नांवें ह्या कामाशीं निगडित आहेत. शंभरांहून अधिक घरांचे अवशेष तेथें उघडे झाले. चुली, धान्याच्या कणगींच्या जागा, मोठें कोठार आणि पुराचें पाणी वळविण्यासाठीं केलेला चर व दगडी बांध हींही आढळलीं. जळक्या दाण्यांवरून तेथील लोक जव, गहूं, मसूर व कुळीथ पिकवीत, असें दिसून आलें. ज्या कुळथाची पिठी आपल्या घरोघर होते, तोच हा कुळीथ. कोळशाच्या तपासणीवरून व थरांच्या क्रमावरून ही वस्ती इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत नांदली, असें ठरलें.

काळ ठरल्यामुळेंच पुढची गोष्ट उलगडली. इसवी सनापूर्वीं १००० च्या सुमारास प्रशस्त चौकोनी घरें जाऊन तेथें लहान गोल झोंपड्या आल्या, गव्हाजवाचें पीक घटलें व शिकारीवर भिस्त वाढली. शेवटीं गांव ओस पडलें. पाऊसमान घटल्यामुळें असें झालें, असें मत डॉ. ढवळीकरांनीं मांडलें. बांध घालून पाणी वळविणारें गांवही पाऊस फिरल्यावर टिकलें नाहीं, ही गोष्ट आजच्या शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. राखेच्या थरांना सनावळी नसती, तर श्रीमंती आधीं कीं गरिबी आधीं, हेंही कळलें नसतें.

परंतु ही रीत आंधळेपणानें वापरितां येत नाहीं. पहिली गोष्ट, जें वय निघतें तें त्या वस्तूच्या मरणाचें असतें, वापराचें नव्हे. जुन्या फणसाच्या गाभ्याचा वांसा जळाला, तर त्याच्या कोळशाचें वय घराहून शंभर दोनशें वर्षांनीं अधिक येईल. दाणा एकाच हंगामाचा असतो, म्हणून त्याची साक्ष अधिक भरंवशाची. दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्याची आहे. समुद्राच्या पाण्यांत फार जुना कर्ब मिसळलेला असल्यामुळें तिसऱ्या व कालवें ह्यांच्या शिंपल्या खऱ्याहून कांहीं शतकें अधिक जुन्या भासतात; त्यांस वेगळी वजावट द्यावी लागते. तिसरी गोष्ट, हवेंतील कर्ब १४ चें प्रमाण सर्व काळीं सारखें नव्हतें. म्हणून झाडांच्या खोडांतील वार्षिक वलयें मोजून तयार केलेल्या कोष्टकाशीं हिशेब जुळवून घ्यावा लागतो. म्हणूनच उत्तर एका सालांत न येतां ‘अमुक ते अमुक’ असें येतें.

दगड व धातु ह्यांचें वय ह्या रीतीनें थेट निघत नाहीं. मालवण तालुक्यांतील कुडोपी येथील सड्यावर जांभ्या दगडांत कोरलेलीं चित्रें आहेत. कोंकणांतील अशा चित्रांच्या जागांचा, कुडोपीसह, युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत २०२२ सालीं समावेश झाला. पण चित्राच्या रेघेंत कर्ब नाहीं. जवळपास त्याच लोकांच्या वस्तीचा न हललेला थर सांपडला व त्यांत कोळसा किंवा दाणा मिळाला, तरच ह्या रीतीनें कांहीं सांगतां येईल. खापरीचेंही तसेंच, मातीस सन नाहीं, पण तिला चिकटलेली काजळी किंवा मातींत कालवलेला तूस साक्ष देऊं शकतो.

थर हललेला आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची एक खूण आमच्या भागांत सोपी आहे. काजू पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलकडून आणिला. तेव्हां जुनाट खापऱ्यांच्या थरांत काजूची जळकी टरफल निघाली, तर उंदराच्या बिळानें, मुळांनीं किंवा मागच्या खोदकामानें वरचा माल खालीं गेला, असें समजावें.

आम्हीं महसुली दप्तरांत आयुष्य घालविलें आहे. तारीख व गट क्रमांक नसलेल्या कागदाची किंमत तेथें शून्य असते. जागेवरून हललेल्या कोळशाचीही तीच गत आहे. म्हणून असा थर लागल्यास काम तेवढ्यापुरतें थांबवावें, खोली मोजावी, छायाचित्र घ्यावें आणि तहसील कचेरीस किंवा राज्य पुरातत्त्व विभागास कळवावें. कोळसा किंवा दाणे गळून पडलेच असतील, तर ते धुवूं नयेत, कापसांत किंवा कागदांत बांधूं नयेत; कारण त्यांचाही कर्ब मिसळतो. स्वच्छ कांचेच्या बाटलींत भरून वर तारीख, गट क्रमांक व खोली लिहावी.

जमीन जाईल ह्या भीतीनें पुष्कळजण गप्प बसतात. खापऱ्या निघाल्या एवढ्यानें सातबाऱ्यावरील नांव बदलत नाहीं. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखालीं जागा संरक्षित करावयाची झाल्यास आधीं जाहीर सूचना निघते आणि हितसंबंधितांस हरकतीसाठीं दोन महिने मिळतात. मौल्यवान ठेवा सांपडल्यास मात्र १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरास लेखी वर्दी देणें बंधनकारक आहे. ती लपवूं नये.

आमच्या माडांनीं त्या राखेवर किती नारळ अधिक दिले, तें आम्हीं कधीं मोजलें नाहीं. पण त्या थरांतला एक दाणा जरी राखला असता, तर आमच्या परड्यांत प्रथम कोणीं चूल पेटविली, हें आज आमच्या नातवंडांस सांगतां आलें असतें. ज्यांच्या जमिनींत अजून असा थर शाबूत असेल, त्यांनीं तो राखावा, एवढीच आमची विनंती आहे.