पोळी, आतडे आणि यकृत

वार्षिक तपासणीचा रिपोर्ट येतो आणि यकृताच्या एन्झाइम्सचे, म्हणजे ए.एल.टी. व ए.एस.टी.चे, आकडे थोडे वाढलेले दिसतात. दारूला स्पर्श नाही, काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह, वजनही बेताचे. मग बिघडले कुठे? अशा वेळी सहसा न सुचणारे एक कारण म्हणजे सीलिअॅक रोग.

गहू, जव व राय या धान्यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म लव झडते व अन्न नीट शोषले जात नाही. जुलाब, पोटफुगी, गोळ्या घेऊनही न हटणारा अॅनिमिया ही परिचित लक्षणे. पण प्रौढांत पोटाची काहीच तक्रार नसतानाही हा रोग असू शकतो. आतड्यातले रक्त आधी यकृतात जाते. त्यामुळे आतड्याला सूज आली की त्याची झळ यकृतालाही लागते.

इटलीतील मिलान येथे १५८ प्रौढ रुग्णांची पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४२ टक्के रुग्णांची एन्झाइम्स वाढलेली होती. ग्लूटेन बंद केल्यावर बहुतेकांचे आकडे पूर्ववत झाले, तेही केवळ पथ्याने! याला साधारण सहा महिने ते वर्ष लागते.

मात्र एक चूक टाळा. शंका आली म्हणून तपासणीआधीच पोळी सोडू नका. ग्लूटेन बंद होताच रक्तातील खुणा पुसट होतात आणि निदान हुकते. आधी डॉक्टरांकडून टी.टी.जी. व एकूण आय.जी.ए. या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. गरज पडल्यास ते दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासतील.

वर्षभर पथ्य पाळूनही आकडे उतरले नाहीत तर तीन गोष्टी पाहाव्यात :

१. नकळत पोटात जाणारा गहू. डबीतल्या हिंगात बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, सोया सॉस यांतही गहू असू शकतो. बिअरमध्ये जव असतो.

२. यकृताचा दुसरा विकार. ऑटोइम्यून हेपटायटिस व पित्तनलिकांचे काही रोग सीलिअॅकच्या जोडीने आढळतात. त्यांना केवळ पथ्य पुरत नाही, औषधे लागतात.

३. यकृतातील चरबी. आतडे सुधारले की अन्न अंगी लागते आणि वजन वाढते.

आपल्या स्वयंपाकघराला हे पथ्य तसे जड नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी चालतात. साबुदाणा, वरी, राजगिरा हे उपासाचे पदार्थही चालतात. फक्त पीठ गव्हाच्याच गिरणीत दळलेले नसावे व पोळपाट-लाटणे वेगळे ठेवावे. अमेरिकेत ‘ग्लूटेन-फ्री’ लेबलाच्या पदार्थात दहा लाखांत २० भागांपेक्षा कमी ग्लूटेन असावे लागते. ‘व्हीट-फ्री’वर मात्र विसंबू नका, त्यात जव असू शकतो.

हा रोग घराण्यात चालतो. एकाला निघाला तर आईवडील, भावंडे व मुले यांनीही तपासून घ्यावे.

(लेख केवळ माहितीसाठी आहे. उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.)