विकतच्या व्ह्यूजनी रील पळते का?

पावसाळा लागला की पिरंगुटच्या पुढे, मुठा खोऱ्यात, रीलवाल्यांची झुंबड उडते. धबधबे, टेमघरचं धरण, भातलावणी. त्यात आपला इंद्रायणी तांदूळ शहरात खपावा म्हणून रील करणारी इथलीच पोरंही असतात. त्यांना कुणीतरी हमखास सांगतं, ‘थोडे पैसे टाक, दहा हजार व्ह्यूज मारून घे, मग अल्गोरिदम आपोआप उचलतो.’

तो उचलत नाही. जानेवारी २०२५मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी तीन मोठे निकष सांगितले : रील किती वेळ पाहिली गेली, किती लाइक मिळाले, किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली. लाइक आणि पाठवणं हे पोहोचीच्या प्रमाणात मोजतात. समजा, लावणीची रील ६०० जणांनी पाहिली, ४८ जणांना आवडली. म्हणजे ८ टक्के. त्यात दहा हजार बनावट प्रेक्षक मिसळले की तेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली. बनावट व्ह्यूज पकडले गेले तर आकडा वजा होतो, नाही पकडले गेले तर हे असं होतं. शिवाय बॉट तांदूळ घेत नाही!

अ‍ॅपमधलं अधिकृत ‘बूस्ट’ म्हणजेही हीच लबाडी, असं काहींना वाटतं. तसं नाही. ती उघड जाहिरात असते आणि खऱ्या माणसांना दिसते.

व्ह्यूज वाढले की पैसे वाढतात, हेही अर्धसत्य. ३१ मार्च २०२५पासून यूट्यूब शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू मोजतं. कमाई मात्र ‘एंगेज्ड व्ह्यूज’वर, म्हणजे प्रेक्षक खरोखर थांबला त्यावर ठरते.

आणि ‘सगळेच घेतात, त्यात गुन्हा कसला?’ गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाने कुणीतरी खोटं इन्स्टाग्राम खातं उघडलं. त्या तक्रारीचा माग काढताना जुलै २०२०मध्ये मुंबई पोलीस बनावट फॉलोअर आणि लाइक विकणाऱ्यांपर्यंत पोहोचले. गुन्हा नोंदला गेला, अटकही झाली.

प्रसिद्धीचं काम एजन्सीला देणार असाल, तर व्ह्यूज कुठून आणणार हे आधी विचारून घ्या. उद्योग एजन्सीने केला तरी यूट्यूबच्या नियमानुसार कारवाई तुमच्याच चॅनेलवर होऊ शकते.