सरव्याचा गहू

रोजच्या धान्यातून मूठभर बाजूला काढून ठेवायला आपल्याकडच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. अडीअडचणीला उपयोगी पडेल, एवढाच त्यामागचा हिशेब. पण बायकांनी असा साठवलेला गहू पुढे देशाच्या सरकारनं मागून घेतला, आणि आभार मानायला खुद्द राष्ट्राध्यक्ष एका एक्क्याण्णव वर्षांच्या आजीबाईंना भेटायला आले, असं सांगितलं तर? गोष्ट अमेरिकेतली आहे आणि अगदी खरी आहे. त्या आजीबाईंचं नाव एमेलिन वेल्स. त्यांच्याविषयी वाचायला लागले आणि ही बाई माझ्या मनातून जाईचना.

जन्म २९ फेब्रुवारी १८२८चा, मॅसॅच्युसेट्समधल्या पीटरशम गावचा. वडील लहानपणीच गेले. चौदाव्या वर्षी त्यांनी मॉर्मन पंथ स्वीकारला. हा ख्रिस्ती परंपरेतला पंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली स्थापन केला. पंधराव्या वर्षी एमेलिन गावच्या शाळेत शिकवत होत्या आणि त्याच वर्षी लग्नही झालं. नवऱ्याबरोबर त्या मॉर्मनांच्या नॉवू या गावी आल्या. तिथे पहिलं बाळ काही आठवड्यांतच दगावलं. नवरा कामधंदा शोधायला म्हणून बाहेर पडला, तो परतलाच नाही. पुढे तो खलाशी झाला आणि १८५९ साली वारला, तोही कुठे, तर आपल्या मुंबईत! त्यानं बायकोला पत्रं लिहिली होती, पण ती तिच्यापर्यंत पोचलीच नाहीत. ती सासूकडेच पडून होती. एमेलिनबाईंच्या हाती ती लागली १८८८मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी. ‘टाकून दिलेली’ म्हणून चव्वेचाळीस वर्षं काढल्यावर ती पत्रं उघडताना त्या माउलीला काय वाटलं असेल?

त्या काळी मॉर्मन लोकांत एका पुरुषानं अनेक बायका करण्याची रीत होती. (पंथानं १८९०मध्ये ती सोडत असल्याचं जाहीर केलं.) एमेलिनबाई वयानं बऱ्याच मोठ्या असलेल्या न्यूएल व्हिटनी यांच्या घरात दिल्या गेल्या. पंथाच्या लोकांबरोबर मजल दरमजल करत १८४८मध्ये सॉल्ट लेकला पोचल्या. थोरली मुलगी झाली ती छपराच्या गाडीतच. दुसरी अगदी तान्ही असताना व्हिटनी वारले. मग पोटासाठी पुन्हा शाळा! १८५२मध्ये त्यांनी डॅनियल वेल्स यांना स्वतःच पत्र लिहून लग्नाविषयी विचारलं. त्या त्यांच्या सातव्या पत्नी झाल्या. आणखी तीन मुली झाल्या.

इथे मी जराशी अडखळते. चारचौघांत या बाई बहुपत्नीत्वाची बाजू हिरिरीनं मांडत. रोजनिशीत मात्र नवऱ्याची वाट बघणारं एकटेपण आहे. मला ती रीत मुळीच पटत नाही. तुम्हालाही पटणार नाही. पण ज्या श्रद्धेनं हे सोसायला लावलं, त्याच श्रद्धेनं त्यांना उभंही केलं, हे कसं नाकारायचं? नवऱ्याची आर्थिक घडी विस्कटल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं, की बाईनं आपल्या पायावर उभं राहायचं आणि मुलींनाही तेच शिकवायचं. १८७७पासून १९१४पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षं, त्यांनी ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे बायकांचं पत्र चालवलं. मधल्या काळात दोन तरण्याताठ्या मुली डोळ्यांदेखत गेल्या. पत्र थांबलं नाही.

युटाच्या बायकांना मताचा हक्क १८७०मध्येच मिळाला होता. १८८७मध्ये बहुपत्नीत्वाविरुद्धच्या कायद्यानं तो काढून घेतला. रीत बंद करायची ती करा, पण बाईचं मत कशाला काढता? १८९६मध्ये युटा राज्य झालं, तेव्हा राज्यघटनेतच हा हक्क परत आला. त्यासाठी लेख लिहिणाऱ्या, सभा घेणाऱ्या, थेट वॉशिंग्टन गाठणाऱ्या बायकांत एमेलिनबाई आघाडीवर होत्या.

आणि तो गहू? पंथाचे प्रमुख ब्रिगम यंग वर्षानुवर्षं पुरुषांना सांगत होते, दुष्काळासाठी धान्य साठवा. कोण ऐकतंय! शेवटी १८७६मध्ये त्यांनी ते काम बायकांना दिलं आणि प्रमुख केलं एमेलिनबाईंना. ‘रिलीफ सोसायटी’ या पंथाच्या महिला संस्थेतल्या बायकांनी गावोगाव कोठारं उभारली. कापणीनंतर शेतात पडलेला सरवा वेचला, पैसे जमवून गहू विकत घेतला. १९०६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, तेव्हा यातलं पीठ तिकडे गेलं. १९१८मध्ये पहिल्या महायुद्धासाठी सरकारनं यातला दोन लाख बुशेलांहून अधिक गहू विकत घेतला. आपल्या हिशेबात साधारण चोपन्न हजार क्विंटल! पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन सॉल्ट लेकला आले, तेव्हा त्यांना भेटून गेले.

वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्या रिलीफ सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. ज्या वयात आपण ‘आता काय राहिलं’ म्हणत देवापुढे बसतो, त्या वयात! एप्रिल १९२१च्या सुरुवातीला त्यांना पदमुक्त करण्यात आलं आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला त्या गेल्या. वय त्र्याण्णव.

गव्हाचे जे पैसे आले, ते बायकांनी मोडले नाहीत. त्याच्या व्याजातून पुढे बाळंतिणींची आणि तान्ह्या मुलांची देखभाल झाली. पहिलं बाळ गमावून, ओळखीचं माणूस जवळ नसताना परमुलखात उभ्या राहिलेल्या त्या सोळा वर्षांच्या पोरीला हे कळायला हवं होतं, असं मला सारखं वाटत राहतं.