वर्गातला ‘कशावरून?’

सातवीच्या विज्ञानाच्या चाचणीत मी एक प्रश्न घातला होता : ‘लोखंड पाण्यात बुडते. चूक की बरोबर?’ एका मुलीने ‘चूक’ असे लिहिले आणि कोणी विचारले नसताना पुढे कारणही दिले : ‘आमची लोखंडी कढई हौदात तरंगते.’ पेपर तपासताना माझ्यापुढे आदर्श उत्तरांचा कागद होता. त्यावर ‘बरोबर’ असे होते. मी शून्य दिले. तिने वाद घातला नाही. फक्त त्या वर्षात तिचा हात पुन्हा वर झाला नाही.

गुण एकच होता. पण ‘हल्लीची मुले प्रश्नच विचारत नाहीत’ अशी तक्रार शिक्षकांच्या खोलीत निघाली, की मला तो एक गुण आठवतो.

मुलांना चिकित्सक विचार शिकवावा, याबद्दल कागदावर कोणाचेच दुमत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी जोपासणे हे 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही चिकित्सक विचारावर भर आहे. घरात मात्र ‘फार चिकित्सा करू नकोस’ हे वाक्य आपण सगळेच ऐकत मोठे झालो. खरे तर या शब्दाचा वैद्यकीय अर्थच वर्गात अधिक उपयोगी आहे. वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, काय खाल्ले-प्यायले ते विचारतो आणि मग निदान करतो. आधी लक्षणे, नंतर निष्कर्ष. आणि नवे लक्षण दिसले तर निदान बदलायची तयारी. हे काम करून घेणारा मराठी शब्द एकच आहे : ‘कशावरून?’

याचा वेगळा तास लावता येत नाही, हे मला उशिरा कळले. ते समोरच्या विषयातूनच शिकवावे लागते. एकदा मी आठ गटांना तीस सेंटीमीटरच्या फूटपट्टीने वर्गातले टेबल मोजायला सांगितले. सहा गटांची उत्तरे 119.8 ते 120.3 या दरम्यान आली. एकाचे 150 आले, एकाचे 116.5. ‘सर, बरोबर कुठले?’ असे लगेच विचारले गेले. एरवी मी उत्तर सांगून पुढे गेलो असतो. त्या दिवशी सगळे आकडे फळ्यावर लिहून गप्प राहिलो. पाचेक मिनिटांनी एक मुलगा म्हणाला, ‘दीडशेवाल्यांनी पट्टी एकदा जास्त मोजली असणार.’ कशावरून? ‘फरक बरोबर तीसचा आहे.’ दुसऱ्या चुकीचा माग लागायला वेळ लागला. शेवटी त्या गटाला पुन्हा मोजायला लावले, तेव्हा दिसले की ते शून्याची खूण न पाहता पट्टीच्या टोकाला टोक लावत होते. दोन्ही टोकांची कोरी जागा हिशेबातून गळत होती. उरलेल्या सहा आकड्यांतल्या किरकोळ फरकांविषयी मुलांनीच सांगितले, की डोळा तिरका असला तर तेवढे होणारच.

या तासात मुलांना दोन गोष्टी कळल्या. उत्तरे वेगळी आली म्हणून सगळीच आपापल्या जागी बरोबर ठरत नाहीत. आणि कुठले टाकायचे, हे सरांच्या तोंडाकडे पाहून नव्हे, तर कारण शोधून ठरवता येते. ‘प्रश्न विचारा’ एवढेच सांगितले, तर मुले शंका घ्यायला शिकतात; शंका मिटवायची कशी, ते शिकत नाहीत.

इतिहासात टेबल मोजता येत नाही, पण ‘कशावरून?’ तिथेही चालतो. शिवजयंतीची तारीख प्रत्येक मुलाला पाठ असते. ती कशी ठरली, हे सांगितले की वर्ग कान टवकारतो. पूर्वी बखरींच्या आधारे शके 1549, म्हणजे 1627 हे जन्मवर्ष प्रचलित होते. लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत मात्र शके 1551 मधली फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 ही नोंद मिळाली. महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी आहे. मग मी विचारतो : घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेली बखर आणि समकालीन कवीचे काव्य यांत जन्मतिथीपुरता भरवसा कशावर ठेवाल? काव्यात स्तुती असते, म्हणून त्यातली तिथीही सोडून द्यायची का? दोन साधने एकमेकांना दुजोरा देतात, याला किती वजन द्यायचे? यात महाराजांविषयीचा आदर तसूभरही कमी होत नाही. उलट, ती तारीख पक्की करायला विद्वानांनी किती खटपट केली, हे मुलांना कळते.

एवढे करूनही वर्ग बदलत नाही, जोवर परीक्षा जुनीच असते. हे ज्यांनी सर्वांत नीट ओळखले, त्यांचे काम आपल्या शेजारीच झाले. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यात होते. पुण्यातल्या नोकरीतून रजा घेऊन 1978 साली तिथे गेलेले अरविंद गुप्ता काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी तिथेच करू लागले. त्याच वर्षी कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि 1982 पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला.

सहावी ते आठवीची मुले चौघाचौघांच्या टोळीत प्रयोग करत आणि निरीक्षणे आपल्या शब्दांत लिहीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात तयार उत्तरे नसत. ‘सवालीराम’ या काल्पनिक माणसाला मुले पत्रे लिहून काहीही विचारत आणि त्यांना उत्तरे जात. पण मला सर्वांत धीट वाटते ती त्यांची परीक्षा. लेखी परीक्षेला मुले पुस्तक आणि वही उघडून बसत, शिवाय प्रयोगाची परीक्षा वेगळी असे. पुस्तक समोर असताना पाठांतराला काय किंमत उरणार? मग विचारण्यासारखे एवढेच राहते, की या निरीक्षणावरून काय ठरवता येते आणि काय नाही. हे काम सरकारी शाळांत, साध्या खेड्यांत, तीस वर्षे चालले. 2002 मध्ये राज्य शासनाने ते थांबवले.

एकट्या शिक्षकाला परीक्षापद्धती बदलता येत नाही. आपला चाचणीचा पेपर मात्र त्याच्या हातात असतो. मी ‘चूक की बरोबर’च्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘कशावरून?’ जोडू लागलो. उत्तराला एक गुण, कारणाला एक. आदर्श उत्तरापेक्षा वेगळे उत्तर असेल, पण कारण टिकणारे असेल, तर दोन्ही गुण. तपासायला दुप्पट वेळ लागतो, हे खरे. सुरुवातीला मुले ‘पुस्तकात आहे म्हणून’ असेच कारण लिहीत. दिवाळीनंतरच्या पेपरात ‘आम्ही करून पाहिले’ अशी उत्तरे येऊ लागली.

आता तरंगण्याच्या पाठाला मी कढई आणि खिळा दोन्ही वर्गात नेतो. खिळा बुडतो. कढई आपल्या पोकळीमुळे स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि तरंगते. पुस्तकातले वाक्य भरीव लोखंडापुरते खरे आहे, असे मुलेच दुरुस्त करतात. ते वाक्य एका मुलीने माझ्या आधी दुरुस्त केले होते. तिचा गुण मात्र द्यायचा राहून गेला.