मोजलेले वेढे

बाळगुटी उगाळणाऱ्या बाईचा हात नीट पाहिला तर लक्षात येतं, की ती सतत मोजत असते. सहाणेवर आईच्या दुधाचे थेंब, त्यावर हिरड्याचे दोन-तीन वेढे, मुरडशेंगेचा एक, हळकुंडाचा एक, वेखंडाचा अर्धा. जायफळाचा मात्र जेमतेम एक, तोही हलक्या हातानं. बाळाला जुलाब होत असतील तर हिरडा बाजूला राहतो आणि मुरडशेंग वाढते. बाळ महिन्यांनी मोठं होतं तसा एखादा वेढा वाढतो. वजनकाटा नसलेल्या घरात मात्रा ठरवण्याची ही पद्धत होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेली.

जायफळाला एवढं जपण्यामागे कारण आहे. त्यात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. पाच ग्रॅमच्या आसपास पूड, म्हणजे साधारण एक अख्खं जायफळ, पोटात गेलं तर धडधाकट मोठ्या माणसालाही धडधड, तोंडाला कोरड आणि तासन्‌तास भ्रम होऊ शकतो. वेखंडातल्या बीटा-असारोनमुळे प्रयोगातल्या उंदरांना गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नका असं सांगतात, ते योग्यच आहे. तेव्हा ही बाळगुटीची शिफारस नव्हे. मला बोलायचंय ते त्या मोजण्याबद्दल. ज्या वनस्पती आपण वेढ्यानं, चिमटीनं, ‘तीन दिवस घे, मग बंद कर’ अशा मुदतीनं घेत होतो, त्याच आता कॅप्सूल, रस आणि चूर्णाच्या डब्यांतून महिनोन्‌महिने घेतल्या जातात. वनस्पती तीच राहिली आणि माप सुटलं. अपाय होतो तो बहुतेक वेळा इथे.

खोकल्यापासून सुरुवात करू. अडुळसा कोकणात आणि घाटावरही कुंपणाला लावतात, कारण शेळ्या-गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पानं कमालीची कडू. त्या पानांत वासिसीन हे अल्कलॉइड असतं. १९६०च्या दशकात जर्मनीतल्या औषधशास्त्रज्ञांनी वासिसीनची रचना समोर ठेवून ब्रोमहेक्सीन तयार केलं. ते शरीरात गेल्यावर त्यापासून जे बनतं ते अँब्रोक्सॉल. छातीतला कफ पातळ करणारी ही दोन्ही औषधं आज भारतातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात. अडुळशाचा काढा देणाऱ्या आजीचं निरीक्षण खरं होतं, याचा इतका धडधडीत पुरावा दुसऱ्या फार थोड्या घरगुती औषधांना मिळाला आहे. पण वासिसीनची आणखी एक बाजू आहे: ते गर्भाशयाचं आकुंचन घडवतं. म्हणून गरोदर बाईनं अडुळसा घेऊ नये. जे द्रव्य श्वासनलिकांवर काम करतं, ते शरीरात दुसरीकडेही काम करणारच. ‘गुण नाही आला तरी अपाय तर नाही’ हे वाक्य आपल्याकडे वनस्पतींबद्दल सर्रास बोललं जातं. ज्या वनस्पतीला खरोखर गुण आहे, तिच्या बाबतीत ते खोटं ठरतं.

अडुळशाचा कडूपणा हेही एक माप होतं. चार घोटांच्या पुढे काढा जात नाही. हळदीचं तसंच. दुधात अर्धा चमचा ठीक लागते, दोन चमचे घातले तर दूध पिववत नाही. कॅप्सूलनं ही अडचण दूर केली, आणि तिच्याबरोबर मर्यादाही.

हिशेब करून पाहू. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत ते दुपटीच्या आसपास असल्याचं सांगतात, पण बाजारातली सर्वसाधारण हळद तीन टक्क्यांची धरू. अर्धा चमचा म्हणजे दीड ग्रॅम हळद, त्यात कर्क्युमिन सुमारे ४५ मिलीग्रॅम. आता ‘९५ टक्के कर्क्युमिन’ असं छापलेली ५०० मिलीग्रॅमची एक कॅप्सूल घ्या. तिच्यात ४७५ मिलीग्रॅम आले. तेवढ्यासाठी जवळजवळ १६ ग्रॅम हळद खावी लागेल, आणि कॅप्सूल दिवसातून दोन घ्यायला सांगितलेल्या असतात. खाद्यपदार्थांतला रंग म्हणून कर्क्युमिन रोज किती पोटात गेलं तर चालेल, याची जागतिक पातळीवर मान्य असलेली मर्यादा आहे शरीराच्या दर किलो वजनाला तीन मिलीग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १८०.

कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं जात नाही. गेलंच तर यकृत ते चटकन बदलून बाहेर काढतं. त्यावर उपाय शोधला गेला तो आपल्याकडेच. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पायपरीन फक्त २० मिलीग्रॅम दिलं, तर माणसाच्या रक्तात कर्क्युमिन वीस पटींनी जास्त मिळतं. तेव्हापासून हळदीच्या बहुतेक महागड्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क असतो. पण पायपरीन हे साधतं कसं? यकृत आणि आतडी ज्या विकरांनी परकी द्रव्यं निकामी करतात, त्या विकरांनाच ते मंद करतं. मग त्याच विकरांनी ज्यांचा निचरा होतो, ती इतर औषधंही रक्तात जास्त वेळ राहू शकतात. फिट्‌सवरच्या फेनिटोइनच्या बाबतीत हे दिसून आलेलं आहे.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारं रुग्णालयांचं एक जाळं आहे. २०२२ मध्ये त्यांनी हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत प्रतिकारशक्तीशी संबंधित एक विशिष्ट जनुकप्रकार सापडला, म्हणजे सगळ्यांना हा धोका सारखा नाही. गुडघेदुखीवर कर्क्युमिननं थोडाफार आराम पडतो असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय, आणि ज्याचा गुडघा रात्री झोपू देत नाही त्यानं ते करून पाहावंसं वाटणं मला पूर्ण समजतं. मात्र हळदीची कॅप्सूल म्हणजे फोडणीतली हळद नव्हे. ते औषध आहे, आणि घेताना डॉक्टरांना तसंच सांगायला हवं.

आता ज्येष्ठमध. घसा बसला, कोरडा खोकला आला की ज्येष्ठमधाची काडी चघळायची ही आपली जुनी सवय; गाणाऱ्यांच्या खिशात ती हमखास असते. इथे चव आवर घालत नाही, उलट मोहात पाडते. त्यातलं ग्लायसिरायझिन साखरेच्या जवळपास पन्नास पट गोड. ज्येष्ठमधाचा अपाय विज्ञानाला ज्या वाटेनं समजला, ती गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४६ मध्ये, रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरनं एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. एका गावातला औषधविक्रेता पोटातल्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देत असे आणि रुग्णांना खरोखर बरं वाटत असे. रेव्हर्सनी तो स्वतःच्या रुग्णांवर वापरला. व्रण भरू लागले. पण सुमारे पाचव्या हिश्शाच्या रुग्णांचे चेहरे आणि पाय सुजले, डोकं दुखू लागलं, धाप लागू लागली. अर्क बंद केला की सूज उतरायची. या निरीक्षणातून दोन धागे निघाले. एक कार्बेनॉक्सोलोनकडे गेला. ज्येष्ठमधापासून बनवलेलं हे औषध १९६०च्या दशकात पोटातल्या व्रणांवर वापरलं गेलं. दुसरा धागा, सूज का येते हा प्रश्न, सुटायला आणखी चाळीस वर्षं लागली.

उत्तर मूत्रपिंडात होतं. आपल्या शरीरात मीठ धरून ठेवायचा हुकूम अल्डोस्टेरोन हे संप्रेरक देतं. मूत्रपिंडातल्या पेशींवरच्या ज्या ग्राहीला ते चिकटतं, तिला कॉर्टिसोलही तितकंच सहज चिकटू शकतं, आणि रक्तात कॉर्टिसोल अल्डोस्टेरोनच्या कैक पट असतं. तरी गोंधळ होत नाही, कारण त्या पेशीत एक विकर राखणदारासारखं बसलेलं असतं. ते आत आलेल्या कॉर्टिसोलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. ज्येष्ठमध पोटात गेला की आतड्यातले जिवाणू ग्लायसिरायझिनपासून ग्लायसिरेटिनिक आम्ल बनवतात, आणि ते नेमकं या विकराला अडवतं. राखणदार हटला की कॉर्टिसोल ग्राहीवर जाऊन बसतं. शरीर मीठ आणि पाणी साठवतं, पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं. रक्तदाब चढतो, स्नायूंत अशक्तपणा येतो, आणि पोटॅशियम फारच उतरलं तर हृदयाची लय बिघडते. एडिंबरामधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात हे उलगडलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ५४ वर्षांच्या एका माणसाचा मृत्यू वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला. तो काही आठवडे रोज एक-दीड पाकीट काळ्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या खात होता. त्याचं पोटॅशियम धोकादायक पातळीवर उतरलं होतं.

युरोपात नियमित सेवनासाठी ग्लायसिरायझिक आम्लाची मर्यादा दिवसाला १०० मिलीग्रॅम मानतात. मुळीत त्याचं प्रमाण जातीनुसार आणि मातीनुसार बरंच बदलतं; पाच टक्के धरलं तर दोन ग्रॅम चूर्णात ही मर्यादा गाठली जाते. घसा बसल्यावर दोन दिवस काडी चघळणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. पण आम्लपित्तावर म्हणून सकाळ-संध्याकाळ चमचाभर ज्येष्ठमध घेणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यांच्यातले काही रक्तदाबाच्या गोळ्याही घेतात. गोळ्या वाढवूनही रक्तदाब का उतरत नाही, या प्रश्नाचं उत्तर कधी कधी स्वयंपाकघरातल्या फळीवर असतं. ग्लायसिरायझिन काढून टाकलेला ज्येष्ठमधही मिळतो, त्याला डीजीएल म्हणतात. त्यानं हा त्रास होत नाही.

इथेच पोट साफ करणाऱ्या चूर्णांचा विचार करावा लागतो, कारण त्यातल्या काहींत ज्येष्ठमधासोबत सोनामुखीही असते. सोनामुखीतली सेनोसाइड्स मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे जागी होतात. म्हणूनच रात्री घेतलेलं चूर्ण सकाळी काम करतं. आठवडाभर घ्यायला हे उत्तम औषध आहे. वर्षानुवर्षं घेतलं तर जुलाबांवाटे पोटॅशियम जातं. लघवीचं प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिकडूनही जातं, आणि ज्येष्ठमध असेल तर तिसऱ्या वाटेनं. तिन्ही वाटा एकाच म्हाताऱ्या माणसाच्या शरीरात उघड्या असणं मुळीच दुर्मीळ नाही. त्याच्या पायांत गोळे येतात, थकवा येतो, मग कुणीतरी ताकदीसाठी आणखी एक कॅप्सूल सुचवतं.

बद्धकोष्ठासाठी रोज काही घ्यायचंच असेल तर इसबगोल बरा. गुजरात-राजस्थानात पिकणाऱ्या या बियांचा भुसा रक्तात शोषलाच जात नाही, आतड्यात पाणी धरून फुगतो एवढंच. कोलेस्टेरॉल थोडं उतरवतो हेही सिद्ध झालेलं आहे. भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, नाहीतर घशात अडकू शकतो, आणि इतर गोळ्यांपासून तासा-दोन तासांचं अंतर ठेवावं.

गुळवेल मात्र कडू असूनही लोकांनी महिनोन्‌महिने प्यायली. करोनाच्या भीतीनं चवीवर मात केली. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले, त्यांच्यात समान दुवा गुळवेलीचा होता. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते, याकडे लक्ष वेधलं. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांची माहिती एकत्र आली. अनेकांच्या यकृतात स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. गल्लतीचा मुद्दा खोटा नाही, कुंपणावरून वेल तोडून आणणाऱ्याची चूक होऊ शकते. पण मला दुसरा विचार जास्त अस्वस्थ करतो. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते असं आपण म्हणतो. ते खरं असेल, तर ज्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याची प्रवृत्ती दबा धरून बसलेली आहे, थायरॉइडचे किंवा संधिवाताचे काही रुग्ण, त्यांनी ती वाढवून काय होईल? हा प्रश्न करोनाच्या काळात रोजचा काढा सुचवताना फारसा कुणी विचारला नाही.

अशी माहिती गोळा करायची सोय आता आहे. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि होमिओपॅथी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे. पण नोंद व्हायची तर डॉक्टरांनी विचारलं पाहिजे आणि रुग्णानं सांगितलं पाहिजे, आणि आपण ‘औषधं कोणती चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात काढा, चूर्ण, कॅप्सूल धरतच नाही. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ विचारतात तेव्हाही नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानं हळदीच्या कॅप्सूलबद्दल गप्प राहणं धोक्याचं आहे. डबा, पाकीट, बाटली जे असेल ते दवाखान्यात सोबत न्यावं.

आणि त्या डब्यावर काय लिहिलेलं असावं, याचा आग्रह ग्राहक म्हणून आपण धरायला हवा. कुठलीच वनस्पती एका शेतातून दुसऱ्या शेतात सारखी नसते, म्हणून ‘ज्येष्ठमध ५०० मिलीग्रॅम’ एवढं पुरत नाही. त्यात ग्लायसिरायझिन किती, हळदीच्या कॅप्सूलमध्ये कर्क्युमिन किती आणि मिरीचा अर्क आहे का, चूर्णात सोनामुखी किती, सलग किती दिवस घ्यायचं, कुणी घ्यायचं नाही, हे सगळं ठळक मराठीत हवं. आजवर हाती आलेल्या कित्येक बाटल्यांवर मी हे शोधलं. फायद्यांची यादी प्रत्येकीवर होती. दिवसांची मर्यादा फार थोड्यांवर सापडली.